गृहलक्ष्मीचे दोन हजार आणि वॉफलचं मशीन

अहो, जरा इकडे भिंतीपाशी या ना. गॅसवर दूध ठेवलं नाही ना? मग या. ऐकलंत का, समोरच्या अक्कांनी काय आणलंय ते? वॉफलचं मशीन! सूनबाईंनी नव्हे हो, अक्कांनी. घरात मिक्सर आला तरी शेंगाची चटणी उखळातच कुटणार म्हणून हटून बसल्या होत्या ना, त्याच अक्कांनी.

आणि पैसे कुठले म्हणाल तर… हळू बोलते, त्यांची खिडकी उघडी आहे… सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे.

रेशन कार्डावर यजमानीण म्हणून नाव अक्कांचं, तेव्हा महिन्याचे दोन हजार पडतात ते अक्कांच्याच खात्यात. सुनेला त्यातलं काही नाही. ते काय मी तुम्हाला सांगायला हवं? अर्ध्या हुमनाबादच्या सुना त्या दोन हजारांकडे लांबूनच बघतात. अक्कांनी आजवर त्यातून काय घेतलं? माणिकनगरला माणिकप्रभूंच्या अन्नदानाला थोडे दिले, गुडघ्याचं तेल आणलं, बाकी सगळे बँकेत. पासबुक छापून आणलं की ओट्यावर बसून ओळ न् ओळ वाचतात. आणि आता एकदम वॉफल!

पण थांबा, आधी वकिलीणबाईंचं मशीन सांगायला हवं. नाहीतर यातली खरी मजा तुम्हाला कळायची नाही.

वकिलीणबाईंची सून न्यू जर्सीत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. नसलं तरी त्या सांगतातच. तर ती दिवाळीला आली आणि बॅगेतून तिने ते काढलं. एवढंसं, गोल, चार इंचांचं, फिकट निळं. पोरांना एकेकाला एकेक वॉफल करून द्यायला बरं पडतं म्हणे. झालं! वकिलीणबाईंनी आदल्या दिवशी घरोघर निरोप धाडला. पोरं या, पोरांच्या आया या. टेबलावर नवं कापड, काचेच्या बाटलीत मेपल सिरप, स्ट्रॉबेरी तर हैदराबादहून आणवलेल्या. मी आपली मागे उभी राहिले. मागून सगळ्यांचे चेहरे दिसतात ना.

त्या मशीनची पिन चपट्या पायांची, आपल्या सॉकेटात काही बसेना. वकीलसाहेबांनी कपाट धुंडाळून एक अडॅप्टर काढून दिला. बसली पिन. दिवा लागला. पोरांनी टाळ्या पिटल्या. सूनबाईंनी पीठ ओतलं, झाकण मिटलं आणि वास आला. आधी मला वाटलं, व्हॅनिला असेल. मग धूर. मग फट्! घरातली सगळी लाईट गेली, पंखा हळूहळू थांबला, आणि त्या शांततेत स्टेशन रोडच्या मावशींचा आवाज आला, "झालं का ओ वॉफल?"

वकिलीणबाईंचा चेहरा बघायला हवा होतात तुम्ही. ओठ हसलेलेच राहिले, पण डोळे सुनेकडे. सुनेचे डोळे नवऱ्याकडे, नवऱ्याचे वकीलसाहेबांकडे, आणि वकीलसाहेबांचे अडॅप्टरकडे. कोर्टात कधी गप्प न बसणारा माणूस, पण एक शब्द फुटला नाही तोंडातून.

वायरमनला बोलावलं. त्याने यंत्र उलटं केलं आणि बारीक अक्षरं मोठ्याने वाचली. १२० व्होल्ट, ३५० वॅट. "वहिनी, आपल्याकडं २३० येतंय की ओ. अडॅप्टर पिनेचा आकार तेवढा बदलतंय, व्होल्टेज थोडंच बदलतंय?" व्होल्टेज दुपटीच्या जवळ गेलं की नुसतं दुप्पट तापत नाही म्हणे, साडेतीन पटींच्याही वर जातं. साडेतीनशे वॅटचं यंत्र तेराशेच्या घरात तापलं, मग टिकणार कसं? फोनच्या चार्जरवर १०० ते २४० असं लिहिलेलं असतं म्हणून तो तिथेही चालतो, इथेही चालतो. तापणाऱ्या वस्तूंवर तसं बहुधा नसतंच. बँकवाल्या वहिनींचं केस सरळ करायचं यंत्र असंच गेलं होतं… पण ते राहू दे, कुणाला सांगू नका म्हणाल्यात त्या.

शेवटी उरलेलं पीठ तव्यावर ओतून धिरडी घातली. पोरांनी ती सिरप लावून मिटक्या मारत खाल्ली. पोरांना काय हो!

तर काय सांगत होते… हां, अक्का. त्याही होत्या तिथे, कोपऱ्यातल्या खुर्चीवर. सगळा वेळ गप्प. निघताना मात्र वायरमनला बाजूला घेऊन विचारलं, "आपल्या करंटवर चालणारं मिळतंय का रे असलं?" तो म्हणाला, "मिळतंय की अक्का, गुलबर्ग्यात पायजे तेवढे." एवढंच. मी ऐकलं, पण मला कुठे माहीत पुढे काय होणार ते.

पुढच्या आठवड्यात अक्का म्हणाल्या, शरणबसवेश्वराच्या दर्शनाला चालले. शक्ती योजनेपासून आपल्या बायकांना बसचं तिकीट शून्य रुपयाचं, आधार कार्ड दाखवलं की झालं, तेव्हा अक्कांच्या देवदर्शनाला कोण अडवतोय? गेल्या सकाळच्या बसने, थोरल्या नातवाला बरोबर घेऊन. परत आल्या तेव्हा मी इथेच उभी होते, दोरीवरचे कपडे काढत होते. पिशवीत प्रसादाचा नारळ वर दिसत होता आणि खाली काहीतरी चौकोनी. पंचाने झाकलेलं. नातू पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून चाललेला. मी विचारलं, "अक्का, दर्शन झालं का?" तर म्हणाल्या, "झालं की, भाळ छंद झालं." आणि दार लावून घेतलं! दिवसाउजेडी अक्कांच्या घराचं दार लागलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

दर्शन झालंच होतं हो, खोटं नाही बोलल्या. दर्शन करून मग सुपर मार्केटात गेल्या. नातवाने मला नंतर सांगितलं. दुकानदार एकेक खोका पुढे ठेवायचा आणि अक्का म्हणायच्या, "उलटं कर. मागं काय लिवलंय ते वाच." २३० व्होल्ट हा आकडा नातवाने वाचून दाखवल्यावरच पाकिटाची चेन उघडली. साडेसातशे वॅटचं, एका वेळी दोन चौकोन निघतात असलं घेतलं. दीड हजाराच्या आतच बसलं.

आता गल्लीला काय, खोका दिसला तो कचऱ्याच्या गाडीत. आणि स्टेशन रोडच्या मावशींच्या डोळ्यांतून कचरा तरी सुटतो का? लगेच बातमी. सूनबाईंनी सासूचे गृहलक्ष्मीचे पैसे उडवले, वकिलीणबाईंची बरोबरी करायला! बिचारी सून. ती चार दिवस मान खाली घालून पाणी भरत होती, आणि अक्कांनी शपथ घातल्यामुळे बोलता येईना. अक्कांना म्हणे रविवारी सगळ्यांना एकदमच दाखवायचं होतं.

मग झालं ते पिठाच्या गिरणीत. तुम्ही नव्हता ना? अरेरे. मावशी नंबरला उभ्या, हातात गव्हाचा डबा, गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून सांगत होत्या, "सासूचा अंगठा घेऊन पैसे काढलेत म्हणे! म्हातारीला पत्ता नाही!" आणि नेमकी त्याच वेळी गिरणी थांबली, दळण बदलायला. 'पत्ता नाही' हे शब्द अख्ख्या दुकानात घुमले. मागे बघतात तर अक्का. हातात ज्वारीची पिशवी.

अक्का काय म्हणाल्या माहितीये? शांतपणे म्हणाल्या, "अंगठा न्हवं बाई. सही करते मी. मराठीत बी, कन्नडात बी. आन् मशीन मी आणलंय. माझ्या पैशाचं, माझ्या नातवंडांसाठी. तू बी ये रविवारी." आणि ज्वारी पुढे सरकवली, "बारीक दळ रे, वॉफलाला पायजे."

मावशींच्या तोंडावर पीठ उडालेलं, तेव्हा चेहऱ्याचा रंग काही दिसला नाही. पण कान? कान लालबुंद! गिरणीवाला पट्ट्याकडे तोंड करून हसत होता. आणि दारात उभी होती ती सून. तिला मी हसताना किती दिवसांनी बघितलं हो…

बरं, तर रविवार. चारला बोलावलं होतं, मी पावणेचारलाच गेले. भांड्यांना मदत करायला म्हणून.

अक्कांनी पोरांची कामं वाटून टाकली होती. थोरल्याने मोजायचं, मधलीने ढवळायचं, आणि धाकटीने वाफेवर नजर ठेवायची. झाकण उघडायचं कुणी? फक्त अक्कांनी. ओट्यावर मशीन भिंतीकडे सरकवलेलं, वायर मागून नेलेली, म्हणजे पोरांचा पाय किंवा हात अडकायला नको. झाकण बाहेरूनही चांगलंच तापतं हो, पोरांना ते कळत नाही. हँडल तेवढं गार.

पीठ अगदी साधं. एक वाटी मैदा, त्यात दोन चमचे कॉर्नफ्लोअर, त्याने कुरकुरीतपणा येतो. चमचाभर बेकिंग पावडर, चिमूटभर सोडा, मीठ, दोन चमचे साखर. अक्कांच्या घरी अंडं चालत नाही, म्हणून दोन मोठे चमचे आंबट दही; दही आणि सोडा भेटले की फुगवायचं काम तेच करतात. लागेल तसं दूध, आणि तीन चमचे पातळ केलेलं तूप. सूनबाईंनी मोबाईलवर बघून लोणी म्हटलं होतं, पण अक्का म्हणाल्या, लोण्यातली बेरी करपते, तुपात बेरी उरलेलीच नसते. बघा, म्हातारं माणूस कसं बरोबर पकडतं.

मधली रवीसारखी फिरवायला लागली तेव्हा अक्का ओरडल्या, "ताक करलालीस का काय? गुठळ्या ऱ्हाऊ दे!" आणि ते खरंच आहे. मैदा फार घोटला की चिवट होतो आणि मग वॉफल दातांनी ओढावं लागतं. पुरणपोळीची कणीक तिंबायची, हे नाही. दहा मिनिटं झाकून ठेवलं. ती दहा मिनिटं पोरांना काही सोसवेनात. धाकटी दर मिनिटाला, "आज्जी, झाली?"

पहिलं वॉफल? काही विचारू नका. थोरल्याने मोजायचं सोडून भरली पळी ओतली. झाकण मिटताच चारी बाजूंनी पीठ बाहेर, ओट्यावरून खाली, खालून मांजर. छोट्या मशीनला एका खणात दोन-तीन मोठे चमचे, बास. तेही मधोमध टाकायचं, झाकण दाबलं की आपोआप पसरतं. एवढ्यात हिरवा दिवा लागला आणि पोरं ओरडली, "ग्रीन! ग्रीन!" अक्कांनी त्या गोंधळात झाकण उघडलं, तर अर्धं वॉफल वर चिकटलेलं, अर्धं खाली. मधून दुभंगलेलं, आत कच्चं.

सगळे गप्प. वकिलीणबाई आल्या होत्या बरं का. आलेल्या, आणि नेमक्या पुढच्या खुर्चीवर. त्यांच्या चेहऱ्यावर… कसं सांगू, वाईट वाटलं नाही त्यांना फारसं.

पण अक्का! त्यांनी लाकडी उलथण्याने सगळं खरवडून ताटलीत घेतलं आणि म्हणाल्या, "पहिली भाकरी गायीची. हे बी गायीचं." मग दिव्याकडे बघून म्हणाल्या, "हा दिवा तव्याचं सांगतो. भाकरीचं कोण सांगणार? वाफ." आणि तीच खूण आहे. दिवा फक्त तापमान सांगतो. आत पाणी आहे तोवर फटीतून वाफ भसाभसा येते, ती विरळ झाली की वॉफल तयार. झाकण हळूच उचलून बघायचं, जरा जरी ओढल्यासारखं वाटलं तर परत मिटायचं. धाकटीला हे काम इतकं आवडलं की हनुवटी ओट्याला टेकवून बसली आणि सगळ्यांना दटावत राहिली, "थांबा! अजून येतेय!" चार मिनिटं ते पोर हललं नाही. तिची आई म्हणाली, एरवी हिला एका जागी बसवायला टीव्ही लागतो.

दुसरं निघालं ते अखंड. सोनेरी, खणाखणांचं. मधलीने ताटलीत ठेवायला हात पुढे केला तर अक्कांनी तो अडवला आणि पिठाची चाळण उपडी घालून त्यावर ठेवलं. ताटलीत ठेवलं की खालची वाफ कोंडते आणि दोन मिनिटांत मऊ पडतं. चाळणीवर खालून हवा लागते. दुकानवाले जाळी वापरतात त्यासाठी. अक्कांना कुणी सांगितलं? कुणीच नाही. भाकरीला घाम फुटतो हे ज्याला ठाऊक, त्याला वॉफलाचं काय सांगायचं.

आणि वर काय घातलं असेल? काकवी! आपल्या गुऱ्हाळातली पातळ, तांबूस काकवी. खणाखणांत अशी जाऊन बसली की बस्स. वकिलीणबाईंनी मेपल सिरपची ती बाटली आणलीच होती, शिल्लक होतं ना. पोरांनी दोन्ही चाखलं. धाकटीने काकवीची वाटी ओढून घेतली आणि म्हणाली, "हे अमेरिकेचं आंबट लागतं." आंबट काही नव्हतं हो ते! पण म्हणाली खरी. वकिलीणबाईंनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

तेवढ्यात हायस्कूलचे पी.टी. सर आले, मुलाला न्यायला म्हणून, आणि खायला बसले. ते काय सांगत होते ठाऊक आहे? बूट बनवणाऱ्या नाइकी कंपनीचे एक संस्थापक होते, बिल बाऊअरमन. ऑरेगॉनच्या विद्यापीठात धावण्याचे कोच. १९७१च्या सुमाराला सकाळी बायको वॉफल करत होती, ते खण बघून त्यांना सुचलं की बुटाचा तळवा असा केला तर पकड चांगली येईल. बायको बाहेर गेल्यावर त्यांनी त्या वॉफलच्या साच्यात चक्क रबरासारखं युरेथेन ओतलं. साचा जो मिटला तो उघडेचना! आतून काही लावायलाच विसरले होते. अक्का म्हणाल्या, "तूप लावायचं न्हाई का मग?" सर म्हणाले, "तेच की अक्का." पण पुढे त्याच खणांच्या तळव्याचे बूट जगभर विकले गेले. थोरला लगेच आपला बूट उलटा करून बघायला लागला. ओट्याजवळ! अक्कांनी फटकाच दिला.

मधलीने मोबाईलवरून आणखी एक काढलं. झाकण आणि दांडा असलेल्या वॉफलच्या साच्याचं अमेरिकेतलं पेटंट २४ ऑगस्ट १८६९चं, न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या कॉर्नेलियस स्वार्टवाउटच्या नावावर. म्हणून अजूनही तिकडे २४ ऑगस्टला वॉफल दिवस करतात. अक्कांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, "म्हंजे आपल्या माणिकप्रभूंनी समाधी घेतली त्याच्यानंतर चारच वर्षांनी." १८६५ची समाधी ना, बरोबर आहे. आमचे हे गप्प बसतात होय? म्हणाले, "आणि त्याच १८६९ साली निजामाच्या गादीवर महबूब अली बसला, अडीच वर्षांचा." अडीच वर्षांचा राजा म्हटल्यावर पोरांचं वॉफल राहिलं बाजूला. त्याला जेवण कोण भरवायचं, तो रडला की शिक्षा कुणाला, असले प्रश्न. यांना तेवढंच हवं असतं.

बरं, हे झालं गोडाचं. खरी गंमत पुढच्या रविवारची. अक्कांनी गिरणीतून दळून आणलेली ज्वारी काढली. नुसती ज्वारी घातली तर वॉफल मोडतं, गव्हा-मैद्यासारखा चिकटा तिच्यात नसतो. भाकरीला आपण कढत पाणी का घालतो, त्याच कारणाने. म्हणून अक्कांनी धपाट्याचा हिशोब लावला. निम्मी ज्वारी, बाकी कणीक आणि बेसन, त्यात दही, ओवा, तीळ, लसूण, हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर, आणि थोडी बेकिंग पावडर. पीठ जरा सैल ठेवलं आणि वेळ जास्त दिला. निघालं ते काय निघालं! बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, आणि खणांत शेंगाची चटणी आणि वरून तूप. पलीकडच्या टीचरबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "अय्यो, भाळ छंद अदरी! हे तर आमचं पड्डूच, म्हणजे तुमचे अप्पे, चेपून बसवलेले." दुसरा तुकडा त्यांनी मागून घेतला.

कोपऱ्यावरच्या भाभी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अंडा डालो तो और फूलता जी." त्यांच्या घरी त्या पांढरं वेगळं फेसून शेवटी हलक्या हाताने मिसळतात. हलकं होतं, मी खाऊन आलेय… अक्कांना सांगू नका. अक्का भाभींना म्हणाल्या, "तुमच्यात तुमी घाला, माझ्यात नक्को." दोघी हसल्या. विषय संपला.

मावशी? आल्या की. दोन्ही रविवारी आल्या. पहिल्या रविवारी दारातच उभ्या राहून, "मी आपली सहज…" असं म्हणत होत्या. अक्कांनी पाट दिला. खाल्लं. जाताना सुनेच्या पाठीवरून हात फिरवला आणि काही बोलल्या, पण नेमक्या तेव्हा बँकवाल्या वहिनी माझ्या कानाशी बडबडत होत्या, ऐकूच आलं नाही. मला अजून चुटपुट लागून राहिलीये.

बँकवाल्या वहिनींचंही मशीन आलं म्हणे आता. आलं आणि गेलंही. कामवालीने नळाखाली धरून तारेच्या घासणीने चकचकीत केलं. आतला काळा लेप निघाला, पाणी आत शिरलं. ते धुवायचंच नसतं हो! पिन काढून, कोमट झालं की ओल्या फडक्याने पुसायचं, खणांत अडकलेलं लाकडी काडीने काढायचं. स्टीलचं उलथणंसुद्धा नाही लावायचं.

आता तुम्ही विचारणार, लाईटबिलाचं काय. वकिलीणबाईंनी तोच मुद्दा काढला ना! म्हणाल्या, "अक्का, गृहज्योतीची फुकट लाईट जाईल हं तुमची. २०२२-२३च्या सरासरीवर थोडेच युनिट जास्त माफ असतात, आणि २०० युनिट ओलांडले की सगळं बिल आपल्याच अंगावर." वकिलाची बायको शेवटी. गुलबर्ग्यात २०२३च्या ऑगस्टात ती योजना सुरू झाली तेव्हापासून आपण सगळ्याच मीटरकडे बघून इस्त्री करतो, तेव्हा मीही घाबरले. पण थोरल्या नातवाने वहीवर मांडून दाखवलं. साडेसातशे वॅट, अर्धा तास, म्हणजे अर्धा युनिटही नाही. महिन्याचे चार रविवार धरले तरी दीड युनिट. अक्का म्हणाल्या, "दीड युनिटाला माझी गृहज्योती जात असली तर जाऊ दे."

वकिलीणबाईंनी पदर सारखा केला. मग हळूच म्हणाल्या, ते निळं यंत्र दुरुस्त होतंय का बघतेय, वायरमन म्हणतो वेगळा ट्रान्सफॉर्मर लावावा लागेल, २३०चं १२० करणारा. अक्का म्हणाल्या, "कशाला तेवढं? तुमच्या नातीला पाठवत जा हिकडं." त्यावर वकिलीणबाई काही बोलल्या नाहीत. पण काल त्यांच्या नातीला मी अक्कांच्या ओट्याशी बघितलं, धाकटीच्या शेजारी, हनुवटी टेकवून.

चला, माझी भाजी लागेल. तुम्ही मशीन घेणारच असाल तर खोका उलटा करून आधी २३० वाचा, आणि त्या दिवशी तारेची घासणी लपवून ठेवा. नाहीतर सरळ रविवारी चारला मुलांना घेऊन या. पीठ अक्कांचं असतं, तूप मात्र आपापलं न्यायचं ठरलंय.